बटाट्याची चकती आणि हृदयाची भिंत

एक कच्चा बटाटा घ्या. त्याची पेन्सिलीएवढ्या जाडीची लांबट फोड कापा आणि दोन्ही टोके धरून वाकवून पाहा. ती जराशी वाकते आणि कट्‌कन मोडते. आता असाच दुसरा बटाटा, सालीसकट पाण्यात ठेवून, दोन धातूच्या पट्ट्यांच्या मध्ये धरला आहे आणि त्यातून काही हजार व्होल्टचे, सेकंदाच्या लहानशा अंशापुरते टिकणारे विद्युत स्पंद पाठवले आहेत अशी कल्पना करा. बाहेरून या बटाट्यात काहीही फरक दिसत नाही. तो शिजलेला नाही आणि हाताला गरमही लागत नाही. पण त्याची फोड वाकवली तर ती मोडत नाही, रबरासारखी बोटाभोवती गुंडाळता येते.

बटाट्यात काय बदलले? त्याच्या पेशींच्या पटलांना बारीक छिद्रे पडली. पेशीतील पाण्याचा दाब पटलामुळे टिकून असतो आणि त्या दाबामुळेच कच्चा बटाटा ताठ असतो. पटल गळके झाले की दाब गेला, आणि दाब गेला की फोड लवचिक झाली. इंग्रजीत या क्रियेला ‘इलेक्ट्रोपोरेशन’ म्हणतात. आपण तिला विद्युतछिद्रण म्हणू. फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यांत ही क्रिया आज रोज वापरली जाते. आणि याच क्रियेचा उपयोग करून गेल्या काही वर्षांत हृदयरोगतज्ज्ञ हृदयाच्या भिंतीतील काही ठरावीक पेशी मारून ठोक्यांची अनियमितता दूर करू लागले आहेत. बटाटा आणि हृदय यांना जोडणारा हा दुवा काय आहे, तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे जपून राहावे लागते, हे या लेखात पाहू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून तिला मीठ लावले की पाणी सुटते आणि फोडी मऊ पडतात, हे आपण रोज पाहतो. बटाट्याचेही असेच झाले असेल असे वाटणे साहजिक आहे. पण काकडीचे पाणी परासरणाने बाहेर येते. बाहेर मिठाचे प्रमाण जास्त, म्हणून पाणी शाबूत पटलातून बाहेर जाते. बटाट्याची चकती थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून मऊ केली आणि लगेच साध्या पाण्यात टाकली तर ती पुन्हा ताठ होते, हा प्रयोग अनेक शिक्षकांनी वर्गात केलेला असेल. स्पंद दिलेला बटाटा मात्र साध्या पाण्यात कितीही वेळ ठेवला तरी ताठ होत नाही, कारण येथे पटलच मोडलेले असते.

हवेपेक्षा पाचपट सोशिक

पेशीचे पटल हे स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते आणि त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन लाखांवा भाग असते. या पटलाच्या आतील आणि बाहेरील बाजूंत नेहमीच थोडे विभवांतर असते. चेतापेशीत ते साधारण ७० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.०७ व्होल्ट भरते. मनगटी घड्याळातील सेलच्या मानाने हा आकडा अगदीच किरकोळ वाटतो. पण हे विभवांतर किती अंतरावर पसरले आहे ते पाहा. ०.०७ व्होल्टला ५ नॅनोमीटरने भागले तर दर सेंटिमीटरला १ लाख ४० हजार व्होल्ट एवढे विद्युत क्षेत्र मिळते. कोरड्या हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट झाले की ठिणगी पडते. म्हणजे आपली प्रत्येक चेतापेशी, आपण शांत बसलेलो असतानाही, हवेला फोडणाऱ्या क्षेत्राच्या जवळजवळ पाचपट क्षेत्र आपल्या पटलात सहज पेलून धरत असते. विद्यार्थ्यांकडून हा भागाकार जरूर करून घ्यावा. पेशीचे पटल म्हणजे नुसती पिशवी, ही समजूत त्याने कायमची जाते.

या पटलालाही मर्यादा आहे. त्याच्यावरील विभवांतर सुमारे एक व्होल्टपर्यंत वाढले की स्निग्ध रेणूंची रचना ढळते, पाण्याचे रेणू पटलात घुसतात आणि आरपार पाण्याचा बारीक मार्ग तयार होतो. ही छिद्रे इतकी लहान आणि इतकी अल्पजीवी असतात की ती थेट पाहणे फार अवघड आहे. त्यांच्याविषयीची आपली समजूत बरीचशी विद्युतवाहकतेच्या मोजमापांवर आणि संगणकात केलेल्या रेणूंच्या प्रतिरूपांवर उभी आहे. पाठ्यपुस्तकात काढतात तसे नीटनेटके गोल भोक डोळ्यांसमोर आणू नये.

मग पटलावर एक व्होल्ट आणायचा कसा? पेशीला तारा जोडता येत नाहीत. पेशी ज्या द्रवात आहे त्या द्रवात विद्युत क्षेत्र निर्माण करायचे. पेशीच्या आत आणि बाहेर क्षारयुक्त पाणी, म्हणून तेथे आयन मोकळेपणाने सरकतात. पटल मात्र त्यांना अडवते. परिणामी आयन पेशीच्या दोन्ही टोकांना पटलाशी येऊन साचतात, आणि पेशीच्या सगळ्या लांबीवर जे विभवांतर पसरायचे ते दोन टोकांच्या पातळ पटलांवर एकवटते. गोल पेशीसाठी याचे सूत्र सोपे आहे. टोकाच्या पटलावरील विभवांतर म्हणजे दीड गुणिले विद्युत क्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या.

सगळी मेख या त्रिज्येत आहे. प्राण्याच्या शरीरातील एखादी पेशी १० मायक्रोमीटर त्रिज्येची धरली आणि दर सेंटिमीटरला १००० व्होल्टचे क्षेत्र दिले, तर पटलावर दीड व्होल्ट येतो. ही मर्यादेबाहेरची गोष्ट झाली. तेच क्षेत्र अर्ध्या मायक्रोमीटर त्रिज्येच्या जिवाणूला दिले तर त्याच्या पटलावर जेमतेम ०.०७५ व्होल्ट येतो आणि त्याला काहीही होत नाही. जिवाणूच्या पटलावर एक व्होल्ट आणायचा तर दर सेंटिमीटरला १३ हजार व्होल्टच्या पुढे जावे लागते. उलट बटाट्याच्या पेशी चांगल्या जाडजूड, शंभर मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाच्या असतात. गणिताप्रमाणे त्यांना शंभर-सव्वाशे व्होल्टच पुरायला हवेत. प्रत्यक्षात पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, सगळ्यांना सारखे क्षेत्र मिळत नाही, म्हणून कारखान्यात दर सेंटिमीटरला हजार व्होल्टच्या आसपास क्षेत्र वापरतात. तरीही क्रम तोच राहतो: मोठी पेशी आधी फुटते, लहान पेशी नंतर.

क्षेत्राइतकेच महत्त्व काळाला आहे. स्पंद थोडे आणि आखूड असतील तर छिद्रे काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप बुजतात आणि पेशी जगते. स्पंद जास्त झाले तर छिद्रे बुजण्याआधीच आतले आयन व ऊर्जा देणारे रेणू गळून जातात, बाहेरचे नको ते आत शिरते आणि पेशी मरते. जगणे आणि मरणे यांत फरक आहे तो फक्त मात्रेचा.

आमच्या प्रयोगशाळेत हे रोज अनुभवास येते. जिवाणूत नवे जनुक घालण्यासाठी आम्ही हीच पद्धत वापरतो. एका छोट्या चौकोनी कुपीत, एक मिलिमीटर अंतरावरच्या दोन धातूपट्ट्यांमध्ये, जिवाणू आणि डीएनए ठेवायचे, १८०० व्होल्टचा काही मिलिसेकंदांचा एकच स्पंद द्यायचा आणि तत्काळ त्यावर पोषक द्रव ओतायचा. ओतायला मिनिटभर उशीर झाला तरी जिवंत राहणाऱ्यांची संख्या घसरते. सारे काही नीट झाले तरी जिवाणूंचा मोठा हिस्सा मरतोच. जे वाचतात त्यांतल्या काहींत जनुक शिरलेले असते. डीएनएच्या नमुन्यात क्षार राहून गेले तर द्रवातून वीज एकदम धावते, ‘फट्‌’ असा आवाज होतो आणि कुपीतले सगळे जिवाणू संपतात. आमच्या एका विद्यार्थिनीचे दोन आठवड्यांचे काम अशा एका ‘फट्‌’मध्ये गेले. त्यानंतर आमच्याकडे नमुना दोनदा धुण्याचा नियम झाला.

कारखान्यातील बटाटा

विजेने अन्न टिकवण्याचे प्रयत्न जुने आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत दुधातून वीज सोडून त्याचे निर्जंतुकीकरण करीत. पण तेथे वीज दूध तापवण्याचे काम करीत होती, जिवाणू मरत ते उष्णतेने. उष्णतेवाचून नुसते विद्युत क्षेत्रही जिवाणू मारते, हे इंग्लंडमध्ये सेल आणि हॅमिल्टन या संशोधकांनी १९६७ मध्ये दाखवले. त्यांनी काही मायक्रोसेकंदांचे स्पंद आणि दर सेंटिमीटरला २५ हजार व्होल्टपर्यंतचे क्षेत्र वापरले, तापमान फारसे वाढू दिले नाही, आणि मेलेल्या जिवाणूंचे पटल गळके झाल्याचे सिद्ध केले. जर्मनीत डोव्हेनस्पेक नावाच्या अभियंत्याने त्याच्याही आधी या दिशेने काम सुरू केले होते. पुढे १९८२ मध्ये एबरहार्ड नॉयमन आणि सहकाऱ्यांनी अशाच स्पंदांनी उंदराच्या पेशींत जनुक घालून दाखवले, आणि अन्नतंत्रज्ञांची ही कल्पना जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पोचली. ‘इलेक्ट्रोपोरेशन’ हे नाव तेव्हापासून रुळले.

अन्नप्रक्रियेत तिचे खरे बस्तान बसले ते बटाट्यावर. फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यात बटाटे पाण्याच्या झोताबरोबर वेगाने पात्यांच्या जाळीवर फेकले जातात. कच्चा बटाटा ताठ असल्याने कापताना तडकतो, फोडी मोडतात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि तळताना जास्त तेल पितो. म्हणून पूर्वी बटाटे कापण्याआधी सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवत. आपल्याकडे वाळवणाचे वेफर करताना चकत्या आधी अर्धवट उकडून घेतात, त्यामागचे कारणही काही अंशी हेच आहे. उष्णतेने पटले फुटतात, म्हणून चकती मऊ होते आणि पुढे उन्हात पाणी लवकर सोडते.

हे काम आता स्पंदांनी क्षणार्धात होते. ऊर्जेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक किलो बटाटे २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा लागते. स्पंदांनी त्यांची पटले फोडायला सुमारे एक किलोज्यूल पुरते. उष्णता सगळ्या बटाट्याला तापवत बसते, त्यातले पाणी, पिठूळ भाग, साल, सगळेच. क्षेत्राचा जोर मात्र नेमका पाच नॅनोमीटरच्या पटलावर एकवटतो.

आणखी एक फायदा असा की गळक्या पेशींतून धुताना थोडी साखर आणि ॲस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल निघून जाते. पिष्टमय पदार्थ तळताना याच दोहोंपासून ॲक्रिलअमाइड हे हानिकारक रसायन बनते. ते आपल्या रोजच्या तळलेल्या पदार्थांत असते याकडे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जगाचे लक्ष वेधले होते. स्पंद दिल्याने वेफर आरोग्याला चांगले होतात असा मात्र याचा अर्थ नाही. तळण ते तळणच.

फळांच्या रसाची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ १५७ या जिवाणूची लागण झाली. साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि एका लहान मुलीचा मृत्यू झाला. रस ताजा आणि ‘नैसर्गिक’ असावा म्हणूनच तो तापवलेला नव्हता. यानंतर तेथे नियम झाला की रसावर जी प्रक्रिया कराल तिने घातक जिवाणूंची संख्या एक लाखांश झाली पाहिजे, मग ती प्रक्रिया उष्णतेची असो वा दुसरी कोणती. स्वाद न घालवता हे कसे करायचे, या प्रश्नातून स्पंदांकडे नव्याने लक्ष गेले. जिवाणू लहान, म्हणून येथे दर सेंटिमीटरला १५ ते ४० हजार व्होल्ट लागतात. ओरेगॉन राज्यातील एका लहान कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात असा रस बाजारात आणला.

या रसाच्या जाहिरातीत ‘थंड प्रक्रिया’ असे शब्द असतात. ते पूर्ण खरे नाहीत. रसाला सुमारे १०० किलोज्यूल प्रति किलो एवढी ऊर्जा द्यावी लागते आणि तेवढ्याने तो पंचवीसएक अंशांनी तापतोच. बहुतेक ठिकाणी रस आधी थोडा कोमट करून घेतात, कारण कोमट पटल लवकर फुटते. दुसरे म्हणजे जिवाणूंचे बीजाणू या स्पंदांना दाद देत नाहीत. त्यांच्याभोवती जाड कवच असते आणि आत पाणी फार थोडे. रस नासवणारी बरीच विकरेही, ती पेशी नसल्यामुळे, शाबूत राहतात. म्हणून असा रस शीतकपाटातच ठेवावा लागतो. आंबट रसात बीजाणू रुजत नाहीत म्हणून तेथे हे चालून जाते. दुधाच्या पिशवीला हाच न्याय लावता येणार नाही.

रसवंतीतल्या उसाच्या रसाला हे यंत्र लावता येईल का, असे विद्यार्थी आम्हाला हमखास विचारतात. तत्त्वतः लावता येईल. पण यंत्राची किंमत बाजूला ठेवली तरी रसवंतीत धोका बहुधा बर्फातून, ग्लास विसळण्याच्या पाण्यातून आणि माश्यांतून येतो. तो रसावर कितीही हजार व्होल्ट सोडून जायचा नाही.

औषधाला दार

आता वैद्यकाकडे वळू. ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील जुने औषध आहे. जपानमध्ये उमेझावा यांच्या प्रयोगशाळेत एका मृदाजीवापासून ते १९६० च्या दशकात मिळवले गेले. पेशीच्या आत पोचले तर ते डीएनएचे तुकडे करते. अडचण अशी की त्याचा रेणू मोठा आणि विद्युतभारित आहे, त्यामुळे तो स्निग्ध पटलातून जवळजवळ जातच नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या व्हिलज्विफ येथील गुस्ताव रूसी संस्थेत ल्युईस मीर आणि सहकाऱ्यांनी विचार केला की दार बाहेरून उघडून दिले तर? रुग्णाला औषधाची अल्प मात्रा द्यायची, गाठीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या किंवा सुया ठेवून शंभर मायक्रोसेकंदांचे आठ स्पंद द्यायचे. छिद्रे पडतात, औषध आत शिरते, छिद्रे बुजतात आणि औषध आत अडकते. आत शिरल्यावर त्याची मारकता शेकडो पटींनी, काही प्रयोगांत हजारो पटींनी वाढल्याचे आढळले. माणसांवरील पहिले निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये युरोपातील काही रुग्णालयांनी मिळून या उपचाराची प्रमाणित पद्धत ठरवली. त्वचेवरील आणि त्वचेखालील गाठींसाठी तो आज तेथे नेहमीच्या वापरात आहे. येथे वापरलेली मात्रा पेशी स्वतःहून बऱ्या होतील अशी असते. मारायचे काम औषध करते.

हा उपचार स्थानिक आहे, हे विसरून चालत नाही. पट्ट्यांमध्ये सापडलेल्या गाठीवर तो चालतो. शरीरभर पसरलेल्या कर्करोगाला त्याने बरे करता येत नाही. दुखरी, वाहणारी, दुर्गंधी येणारी गाठ सुकून जाणे हेसुद्धा त्या रुग्णाला किती मोलाचे असते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

डेन्मार्कमधील यूली गेल यांच्या गटाने यात एक साधा बदल केला. २०१२ मध्ये त्यांनी दाखवले की महागड्या औषधाऐवजी नुसते कॅल्शियम छिद्रांतून आत गेले तरी कर्कपेशी मरतात. एरवी पेशी आपल्या आतील कॅल्शियम अतिशय कमी ठेवते. एकदम लोंढा आला की तो उपसून काढण्यात तिची सारी ऊर्जा खर्च होते आणि ती थकून मरते. यावरील चाचण्या अजून लहान आहेत. पण कॅल्शियम स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळते. आमच्या मते पुढील काळात आपल्यासारख्या देशांनी लक्ष ठेवावे असे हे काम आहे.

२००५ मध्ये दावालोस, मीर आणि रुबिन्स्की यांनी उलटा प्रश्न विचारला. स्पंद वाढवून पेशी थेट मारल्या, औषध दिलेच नाही, तर? मात्रा नीट निवडली तर ऊती फार न तापता पेशी मरतात आणि पेशींमधले तंतूंचे जाळे, रक्तवाहिन्यांचा सांगाडा, शाबूत राहतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. बटाट्यातही पेशीभित्तिका जशीच्या तशी उरते, पटल तेवढे जाते. तीच ही गोष्ट.

हृदयात याला फार महत्त्व आले. काही लोकांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत (नव्या पाठ्यपुस्तकांतील अलिंदांत), स्नायू लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. रक्त तेथे साकळते, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. या रुग्णांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. फ्रान्समधील बोर्दो येथे ऐसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की या थरथरीची सुरुवात करणारे बेशिस्त विद्युत संदेश बहुतेक वेळा फुप्फुस शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. तेव्हापासून मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन त्या तोंडाभोवतीच्या पेशींचे कडे उष्णतेने किंवा गोठवून मारण्याचा उपचार सुरू झाला. कडे मेले की संदेश बाहेर पडत नाही.

भीती शेजाऱ्यांची असते. कर्णिकेच्या मागील भिंतीला अन्ननलिका जवळजवळ टेकलेली असते, आणि श्वासपटलाकडे जाणारी चेता तेथूनच जाते. उष्णता भिंतीपाशी थांबत नाही. क्वचित अन्ननलिकेला इजा होऊन तिच्यात व हृदयात मार्ग तयार होतो, आणि हा प्रसंग बहुधा जिवावर बेततो. स्पंदांचे तसे नाही. हृदयाच्या स्नायुपेशी इतर ऊतींच्या मानाने कमी क्षेत्रात मरतात, आणि अन्ननलिकेची वीण शिल्लक राहत असल्याने ती भरून येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ६०७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षानंतर उपचार यशस्वी राहण्याचे प्रमाण स्पंदांनी ७३.३ टक्के आणि जुन्या पद्धतींनी ७१.३ टक्के होते. म्हणजे रोग बरा करण्यात नवी पद्धत फार सरस नाही, बरोबरीची आहे. तिचे बळ सुरक्षिततेत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत अन्ननलिका आणि हृदय यांच्यात मार्ग पडल्याची एकही घटना आढळली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या उपकरणाला २०२३ च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली.

पण त्याच पाहणीत एक वेगळी गोष्ट दिसली. थोड्या रुग्णांची मूत्रपिंडे उपचारानंतर एकाएकी मंदावली. कारण आपल्या सूत्रातच आहे. नळीच्या टोकाभोवती हृदयाची भिंतच नव्हे तर रक्तही असते, आणि रक्तात तांबड्या पेशी असतात. त्यांनाही पटल आहे. स्पंदांनी त्या फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन रक्तात मोकळे होते आणि ते गाळताना मूत्रपिंडावर ताण येतो. असे रुग्ण दहा हजारांत तीन इतके थोडे होते, पण स्पंदांची संख्या वाढवली की रक्तपेशींची नासाडीही वाढते. आता डॉक्टर स्पंदांची संख्या मोजून ठेवतात आणि रुग्णाला पुरेसे पाणी देतात. २०२५ च्या जानेवारीत काही रुग्णांना पक्षाघात झाल्याने एका कंपनीने आपल्या उपकरणाचा वापर अमेरिकेत काही काळ थांबवला होता. या पद्धतीला ‘केवळ रोगट पेशी मारणारी’ म्हणण्याचा मोह वर्तमानपत्रांना होतो. रोगट आणि निरोगी हा भेद विद्युत क्षेत्राला कळत नाही. त्याला पेशीचा आकार, तिचे पटल आणि तिचे अंतर एवढेच ‘दिसते’. बाकीचा विवेक नळी धरणाऱ्या हाताला दाखवावा लागतो.

वर्गात काय करावे

उच्च दाबाच्या विजेचा प्रयोग शाळेत करू नये, आणि घरातील विजेच्या तारा बटाट्याला जोडून पाहण्याचे धाडस तर कोणत्याही विद्यार्थ्याला करू देऊ नये. २३० व्होल्ट बटाट्याला फक्त तापवतील, विद्यार्थ्याचा जीव मात्र घेऊ शकतील. पटल गळके होणे दाखवायला बीट पुरते. बिटाचा लाल रंग पेशीच्या आत रिक्तिकेत साठवलेला असतो आणि पटले शाबूत असेपर्यंत तो बाहेर येत नाही. बिटाचे सारख्या आकाराचे सहा चौकोनी तुकडे कापून नळाखाली चांगले धुवा, म्हणजे कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. पाच तुकडे अनुक्रमे साध्या आणि ४०, ५०, ६० व ७० अंशांच्या पाण्यात प्रत्येकी एक मिनिट बुडवून मग साध्या पाण्याच्या वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत टाका. सहावा तुकडा आदल्या रात्री शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला असू द्या. वीस मिनिटांनी नळ्या पांढऱ्या कागदासमोर ओळीने धरा. पहिल्या एक-दोन नळ्यांत पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल आणि पुढे कोठेतरी ते एकदम लाल झालेले दिसेल. ती जागा विद्यार्थ्यांनाच शोधू द्या आणि कारखान्यातील बटाटे ६० अंशांच्याच पाण्यात का ठेवीत, ते त्यांना विचारा. बर्फातला तुकडा कोणत्या नळीशी जुळतो हे पाहिल्यावर, तापवलेले नसतानाही त्याचे पटल कशाने फाटले असावे, याचीही चर्चा घेता येईल.